झाकलेला फळा

जयश्रीला 'कैनाड नवी पहाट' या ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं, तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटत होती. भाकरी करपली. सासूबाई बायजी म्हणाल्या, "मोबाइल का भाकरी, एक काय तां ठरव गो." आणि जयश्रीने त्याच क्षणी ठरवलं. मोबाइल नाही, भाकरीही नाही. फळा!

तिचा गुन्हा एवढाच होता, की तिने खरं लिहिलं होतं. २०१९ चा मार्च महिना, लोकसभेची निवडणूक नुकतीच जाहीर झालेली. ग्रुपचा ॲडमिन मनिष, ज्याचं नाक्यावर मोबाइल कव्हरांचं आणि रिचार्जचं दुकान होतं, त्याने सकाळी सकाळी एक मेसेज टाकला. वर झेंडे, मध्ये लाल रंगाचे भोंगे आणि खाली 'किमान दहा जणांना पाठवा' असा हुकूम. मजकूर असा: यादीत नाव नसलं तरी घाबरू नका. आधार कार्ड घेऊन केंद्रावर जा आणि 'चॅलेंज व्होट' मागा, द्यावाच लागतो. तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल, तर 'टेंडर व्होट' मागा. आणि एखाद्या केंद्रावर चौदा टक्के टेंडर व्होट झाले, की तिथली निवडणूकच रद्द!

जयश्री डहाणूच्या एका पतसंस्थेत लेखनिक होती, पण मुळात ती राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. या पदवीचा उपयोग आजवर एकदाच झाला होता, लग्नपत्रिकेत. इतक्या वर्षांनी राज्यशास्त्राने तिला हाक मारली आणि ती धावून गेली. तिने लिहिलं, "यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड दाखवा, मत देता येत नाही. चॅलेंज म्हणजे केंद्रावर बसलेला उमेदवाराचा माणूस एखाद्याच्या ओळखीवर हरकत घेतो, ते. ती आपण मागून घ्यायची वस्तू नव्हे. टेंडर व्होट खरा असतो, पण चौदा टक्क्यांचा नियम कुठेही नाही. ज्यांचं नाव नाही त्यांनी महिना संपायच्या आत अर्ज भरावा."

मनिषचं उत्तर आलं, "वहिनी, ग्रुपवर निगेटिव्ह पसरवू नका. मेसेज डायरेक्ट दिल्लीवरून आलाय."

"दिल्लीत कुणाकडून?" जयश्रीने विचारलं. त्याचं उत्तर म्हणजे ती करपलेली भाकरी.

नवरा रूपेश शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. परीक्षानळीत काहीही ढवळलं गेलं तरी थोडा वेळ थांबलं की खाली बसतं, हे त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "बसेल खाली आपोआप."

पण खाली बसणारी गोष्ट नव्हती. कारण संगीता. संगीता म्हणजे रूपेशचा चुलतभाऊ धाकल्या, त्याची बायको. लग्न होऊन ती तलासरीकडून इकडे आली, पण तिचं मतदार यादीतलं नाव काही तिच्याबरोबर आलं नाही. पाड्यात अशा लग्न करून आलेल्या बऱ्याच जणी होत्या. जयश्री त्यांना अर्ज भरा म्हणून गेला महिनाभर सांगत होती आणि आता त्या सगळ्या निवांत झाल्या होत्या.

"आधार हाय ना, ताई," संगीता धुणं वाळत घालता घालता म्हणाली. "त्याच्यावर माझां नाव, माझा फोटो, माझी बोटां पण घेतली त्यांनी. तरी मी मीच हाय का नाय, तां कुणी ठरवायचां?"

प्रश्न बिनतोड होता. राज्यशास्त्राच्या बी. ए.ला उत्तर परतताना सुचलं, पण तोवर धुणं वाळलं होतं.

म्हणून फळा. रोज एका खोट्या बातमीचा समाचार घ्यायचा, नाक्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. या फळ्यावरून तिला कुणी रिमूव्ह करू शकणार नव्हतं.

फळा विकत आणणं म्हणजे पराभव, असं तिला का वाटलं कोण जाणे. तिने मोडक्या कपाटाचं दार काढलं आणि ते काळं करायला घेतलं. त्याबरोबर सल्लागार गोळा झाले. शेजारचा शुक्रा म्हणाला, कोळसा वाटून लाव. कुणी म्हणालं, डांबर. रूपेशने गेटला लावून उरलेला ऑइल पेंट सुचवला आणि तोच लागला, कारण तो फुकट होता. दार असं चकचकीत काळं झालं, की त्यात पाहून भांग पाडता यावा. खडूने त्यावर एक अक्षर उमटेना. मग सगळ्या सल्लागारांनी एकमताने सांगितलं, की ऑइल पेंट लावायलाच नको होता. पॉलिश पेपरने घासून घासून जयश्रीचे खांदे भरून आले, तेव्हा कुठे फळा लिहिण्याजोगा झाला. रंग ओला असताना बायजींची कोंबडी त्यावरून चालून गेली होती. तिच्या पावलांची रांग मात्र घासूनही गेली नाही. ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठामपणे गेलेली कायम दिसत राहिली.

जागा दक्षाबेनने दिली. तिचं नाक्यावर शिवणकामाचं दुकान होतं आणि बाहेरची भिंत रिकामी होती. "लटकाव ने, जयश्रीबेन, भिंत तर अमस्तीच उभी छे," ती म्हणाली. "पण खाली माझा पण एक लाइन लिहायचा." त्यामुळे सत्याच्या खाली कायम 'फॉल, पिको, ताबडतोब' असं लिहिलेलं असे. जयश्रीने ही तडजोड स्वीकारली. मोठ्या चळवळींना अशा तडजोडी कराव्या लागतात, असं तिने स्वतःला समजावलं.

पहिल्याच दिवशी तिने मोठ्या अक्षरांत ती अफवा लिहिली, 'आधार दाखवा आणि मत द्या!' आणि त्याखाली, जागा उरली तेवढ्यात, 'हे साफ खोटे आहे. यादीत नाव हवेच.' संध्याकाळपर्यंत फळ्याचा फोटो गावभर फिरला. फोटोत फक्त वरची ओळ होती. खाली मनिषने लिहिलं होतं, 'शेवटी वहिनींनीही मान्य केलं!'

मुरबाडकडे जाणारी एसटी नाक्यावर वेग कमी करी, पण थांबत नसे. तिच्या खिडकीतूनही लोकांना तेवढीच ओळ दिसली. म्हणजे जयश्रीने स्वखर्चाने, स्वतःच्या हस्ताक्षरात, ती अफवा तालुक्याबाहेर पोहोचवली.

दुसऱ्या दिवशी तिने आधी 'खोटे' लिहिलं, तेही भलंमोठं. आता लोक लांबूनच 'खोटे' वाचत आणि खाली 'फॉल, पिको, ताबडतोब' वाचत. दक्षाबेनच्या दुकानात बायका विचारायला आल्या, की पिको बंद केलं का?

दक्षाबेन शांत बाई होती, पण त्या दिवशी तिने कात्री जरा जोरात ठेवली.

मग रंगांचं प्रकरण निघालं. मुद्दा ठळक व्हावा म्हणून जयश्रीने भगवा खडू वापरला, तर एका बाजूची माणसं येऊन पाठ थोपटून गेली आणि दुसऱ्या बाजूची माणसं दुकानावरून जाताना तोंड फिरवू लागली. तिने हिरवा घेतला, तर उलट झालं. लाल घेतला, तेव्हा तलासरीकडचा एक म्हातारा कार्यकर्ता मुद्दाम रिक्षातून उतरून मूठ वर करून गेला. निळ्याचंही तेच. वैतागून ती पांढऱ्या खडूवर आली, तर नाक्यावर चर्चा सुरू झाली, "अपक्ष हाय वाटतं."

"कुणाची नाही मी!" ती एकदा भर नाक्यावर ओरडली.

"तेच म्हणतो आम्ही, अपक्ष," शुक्रा समजूतदारपणे म्हणाला.

त्यात जमीन हलायची ती हलायचीच. नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत होते. आताशा भांडी वाजली तर लोक फक्त गॅस बंद करून अंगणात येत आणि उभ्या उभ्या गप्पा मारून आत जात. असाच एक धक्का बसला आणि फळा खिळ्यासकट खाली आला. पडला तोही नेमका मजकुराच्या बाजूवर. बायजी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "बघ गो. धरणीला पण तुझां पटत नाय." रात्र व्हायच्या आत बातमी पसरली, की भूकंपामुळे मतदानच पुढे गेलं. जयश्रीने पडलेला फळा जमिनीवरच भिंतीला टेकवला आणि बसकण मारून लिहिलं, 'खोटे. मतदान २९ एप्रिललाच.' कंबर धरली तरी ती तशीच लिहीत राहिली. आता प्रश्न अफवेचा उरला नव्हता. तिला वाटू लागलं होतं, की मनिष, एसटी, कोंबडी आणि धरणीमाता या सगळ्यांनी मिळून ठरवलंय की या बाईला गप्प करायचं. मग तर ती गप्प बसणारच नव्हती.

फळा पुन्हा भिंतीवर चढला, त्यावर यादीचा नियम परत लिहून झाला आणि मग भरारी पथक आलं.

कुणीतरी तक्रार केली होती, की कैनाडच्या नाक्यावर विनापरवाना प्रचार चालू आहे. जीपमधून एक अधिकारी उतरले, मागे कॅमेरावाला. कॅमेरावाल्याने आधी फळा, मग दक्षाबेन, मग कोंबडीची पावलं अशी सगळी चित्रफीत घेतली. बातमी कळताच जयश्री डहाणूहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली.

"प्रचार कोणाचा करता, मॅडम?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नियमाचा."

"नियम नावाचा उमेदवार आहे का?"

"नाही ना! म्हणून तर त्याच्यासाठी कुणी बोलत नाही!"

अधिकाऱ्यांनी फळा वाचला. दोनदा वाचला. चेहरा जरा नरम झाला. "मजकूर बरोबर आहे तुमचा," ते म्हणाले. "एक वेलांटी सोडली तर सगळं बरोबर आहे. पण तक्रार आली आहे. परवानगी घ्या. ती मिळेपर्यंत आचारसंहितेत पाट्या झाकतात, तसा हा झाकून ठेवा."

"खरं झाकायचं? आणि ते खोटं मोबाइलवर मोकळं फिरणार?"

"मोबाइल भिंतीवर लटकवलेला नाही, मॅडम," ते खांदे उडवून म्हणाले. आणि खरंच, त्या बिचाऱ्यांच्या हातात तेवढंच होतं.

परवानगीच्या अर्जाला भिंतीच्या मालकाचं संमतिपत्र हवं होतं. भिंत दक्षाबेनची नव्हतीच, ती भाडेकरू. मालक सुरतेला. मालक फोनवर म्हणाला, निवडणूक संपू द्या, मग बघू. जयश्रीने दक्षाबेनकडून गुलाबी फुलांचं एक वाया गेलेलं कापड घेतलं आणि स्वतःच्या हाताने फळा झाकला. मनिष आपल्या दुकानाच्या पायरीवरून बघत होता. ते तिला दिसलं, म्हणून तिने कापडाला वर नीट चुण्या घातल्या. झाकायचाच तर दिमाखात.

आता गंमत बघा. फळा उघडा होता तेव्हा त्यावरचा मजकूर कुणी पुरता वाचत नव्हतं. गुलाबी पडदा पडला आणि नाक्यावर एकच विषय झाला, की खाली असं काय लिहिलंय जे सरकारला झाकावं लागलं? कुणी म्हणालं, बुलेट ट्रेनमध्ये कुणाची जमीन जाणार त्यांची नावं आहेत. कुणी म्हणालं, मोठ्या भूकंपाची तारीख आहे. किनाऱ्यावरच्या आगरहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या कोळणी खास थांबून पडदा वर करून वाचू लागल्या. रिक्षावाले वाचू लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं, ते दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागले. प्रत्येकाला आत एकच गोष्ट सापडत होती: 'यादीत नाव नसेल, तर आधार दाखवूनही मत देता येत नाही. महिनाअखेरच्या आत अर्ज करा.' आणि जे झाकलंय ते खरंच असणार, यावर सगळ्यांचा ठाम विश्वास.

एका दुपारी संगीता आली. सोबत जानी, मनिषची नवी नवरी. दोघींनी पडदा वर केला. संगीताने बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. पायरीवरून मनिष हसला. "अगो, कशाला डोकं शिणवता? घरात पुरुषांची मतं हायेत ना, तीच पुष्कळ. बायकांची तरी कुठं वेगळी असणार?"

जयश्री दुकानात ब्लाउज टाकायला आली होती. तिने ते ऐकलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तिच्या आधी संगीताने कापड सोडलं.

"ताई," ती म्हणाली, "तो अर्ज कठं मिळतो?"

महिनाभर राज्यशास्त्र समजावून जे झालं नव्हतं, ते एका मूर्ख वाक्याने झालं. जयश्रीला मनिषचे आभार मानावेसे वाटले, पण तिने ते मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जयश्रीच्या ओटीवर पाड्यातल्या सुना जमल्या. फोटो रूपेशने काढले, मागे पांढरी चादर धरून. त्याने प्रत्येकीला 'हलू नका' सांगितलं आणि नेमका तेव्हाच एक हलका धक्का बसला, त्यामुळे निम्मे फोटो परत काढावे लागले. अडचण पुढेच होती. राहत्या पत्त्याचा पुरावा. संगीताने पदरातून अभिमानाने आधार कार्ड काढलं. त्यावर पत्ता माहेरचा होता.

"म्हणजे मी या कार्डावर इथं मत द्यायला जाणार होती," संगीता हळूच म्हणाली, "आणि कार्ड सांगणार होतां, की मी इथली नायच."

आता ग्रामसेवकाचा दाखला हवा. ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार होता. ज्या गावात जावं तिथे ते बाकीच्या दोन गावांत गेलेले असत. मुदत संपत आली. शेवटी शुक्राने खबर आणली, की ते रानशेतला एका लग्नाला गेलेत. जयश्रीने इको गाडी केली, सगळ्या जणींना आत कोंबलं आणि वऱ्हाडात नसलेलं वऱ्हाड मांडवात शिरलं. ग्रामसेवक पंगतीत बसले होते.

"अहो, घास तरी घेऊ द्या, ताई!"

"घ्या ना. तुमचं जेवण होईपर्यंत आम्ही उभ्या आहोत."

ताटासमोर अशा बायकांची रांग उभी असताना कुणाच्या घशाखाली घास उतरतो? त्यांनी हात धुतले, पिशवीतून शिक्का काढला आणि मांडवातल्या खुर्चीवर दाखले भरून दिले. नवरीच्या आईने या सगळ्या जणींना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. अर्ज मुदतीत गेले. जानीचा मात्र गेला नाही. ती आदल्या संध्याकाळी आली होती, पण मनिषने तिला परत बोलावून घेतलं. म्हणाला, आपल्याला दिल्लीवरून मेसेज आहे.

एकोणतीस एप्रिलला ऊन असं तापलं होतं, की केंद्राबाहेरच्या मांडवाचं कापडही सुस्तावलं होतं. संगीता नवी साडी नेसून आली. आत गेली, यादीत तिचं नाव निघालं, बोटाला शाई लागली. बाहेर आल्यावर धाकल्याने विचारलं, "कुणाला दिलंस?"

"तां माझां हाय," संगीता म्हणाली आणि बोट वाळवत पुढे निघून गेली.

तेवढ्यात केंद्रात गलका झाला. मनिष हातात मेसेजची छापील प्रत घेऊन 'चॅलेंज व्होट, चॅलेंज व्होट' म्हणत होता. त्याचं नाव यादीत होतं, जानीचं नव्हतं. केंद्राध्यक्षांनी ती प्रत वाचली, पाठची बाजूही पाहिली आणि अदबीने परत केली. बाहेर येऊन मनिष म्हणाला, "काल रात्रीच नियम बदलला वाटतं." मांडवात कुणी हसलं नाही, कारण सगळे जानीकडे बघत होते. ती केसांत गजरा माळून, नटूनथटून आली होती आणि आता कोऱ्या बोटाने रिक्षाकडे चालली होती.

"दहा जणांना पाठवलास," ती वळून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "त्यातली एक मला धरली असतीस आणि यादी बघितली असतीस तर?"

जयश्रीला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. तसं झालं नाही. ती जानीजवळ गेली आणि म्हणाली, "निवडणूक संपली की परत अर्ज घेतात. मी येते तुझ्याबरोबर."

"नको," जानी म्हणाली. "मी जाते. तुम्ही नुसतां कठं जायचां तां सांगा."

मतमोजणी झाली, आचारसंहिता उठली आणि मेच्या शेवटी जयश्रीने गुलाबी कापड काढलं. खालचा मजकूर लोकांच्या बोटांनी पार पुसट झाला होता. नाक्यावर बायका जमल्याच होत्या. दक्षाबेन मशीन थांबवून बाहेर आली. "जयश्रीबेन, सांभळ्यू के, ऐकलं? पूरा गाव बोलते. पुढच्या ग्रामपंचायतीला तू उभी राहणार. सरपंच."

"कोण म्हणालं?"

"सगळे. मी पण दहा जणींना बोलली."

"खोटं आहे ते!" जयश्री उसळून म्हणाली. "शंभर टक्के खोटं! मला कुणी विचारलंय का? मी कुणाला सांगितलंय का?"

"मग लिही ने," दक्षाबेन म्हणाली. "फळा मोकळाच छे."

रूपेशने खडू पुढे केला. जयश्रीने तो घेतला, फळा ओल्या फडक्याने पुसला आणि वर मोठ्या अक्षरांत 'खो' काढलं. संगीता बघत होती. जानी बघत होती. पायरीवरून मनिषही बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठी आशा होती, की बाई आता 'टे' लिहील.

जयश्री थांबली. एखादी बातमी खोटी ठरवायची, तर आधी तिची नीट खात्री करून घ्यायला हवी. आणि या बातमीची तिची स्वतःचीच अजून खात्री झालेली नव्हती.

तिने फडक्याने 'खो' पुसला, खडू कमरेला खोचला आणि मनिषकडे रोखून बघत दक्षाबेनला विचारलं, "अर्ज कधीपासून मिळतात?"